स्नेहाचा जमाखर्च

संस्कृत भाषेत ‘स्नेह’ ह्या एकाच शब्दाने तेलतूपही सांगितले जाते आणि मायाही. ‘स्निह्’ धातूत ओलावा आहे, चिकटून राहणे आहे, आणि ते दोहोंसही लागू पडते. चरकसंहितेत सर्पि, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत, आणि शरीराच्या सप्तधातूंत मेदास चौथे स्थान दिले आहे. आमच्या घरांतून मात्र ह्या मेदाविषयी हल्ली दोनच भावना आढळतात : पानावर बसल्यावर लोभ, आणि रक्ताचा तपास हाती आल्यावर भीती. हा मेद शरीरात येतो कोठून, राहतो कोठे, जातो कोठे, आणि त्याच्या जाण्यायेण्यावर पहारा कोणाचा, ह्याचा शांतपणे विचार करणारे थोडे.

ह्या सदराकडे आलेल्या पत्रांत दोन पत्रे अशी आहेत की, त्यांचे उत्तर ह्या विचारावाचून देता येणार नाही. एक भगिनी लिहितात : “मामंजींचे तूप आम्ही दोन वर्षांपूर्वी पूर्ण बंद केले, वरणभातावरचेसुद्धा, तरी रक्तातील ट्रायग्लिसराइड उतरण्याऐवजी चढले, हे कसे?” दुसरे पत्र एका गृहस्थांचे. त्यांच्या मातोश्रींस मधुमेह असून त्या इन्शुलिनची सुई घेतात. चातुर्मासातील उपवास त्या नेमाने करतात, आणि त्या दिवशी “पोटात अन्नच नाही, मग सुई कशाला?” असे म्हणून सुई टाळतात. नातवाचे म्हणणे असे की, उपवासाने चरबी जळते हे शास्त्रसिद्ध आहे, तेव्हा आजीचे चालले आहे ते उत्तमच. गृहस्थ विचारतात, हे योग्य की अयोग्य? पहिल्या प्रश्नात एका वृद्धाच्या पानावरचा घास आहे. दुसऱ्यात एका वृद्धेचा जीव आहे. म्हणून उत्तराची घाई न करता मुळापासून आरंभ करू.

प्रथम तुपाचा प्रवास पाहू. पाणी आणि तेल एकजीव होत नाहीत, हे घासावयाच्या भांड्यांपुढे बसलेल्या कोणासही ठाऊक असते. तुपकट पातेल्यावर नुसते पाणी ओतून भागत नाही, राख तरी लागते किंवा साबण तरी. पोटातही हीच अडचण. ती दूर करण्यासाठी यकृतातून पित्त येते आणि लहान आतड्यात स्नेहाचे अतिसूक्ष्म थेंब करून टाकते. मग त्या थेंबांवर स्वादुपिंडाच्या रसाचे काम चालते. हे कार्य स्वादुपिंडाचे आहे, असे क्लोद बर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सशांवर प्रयोग करून दाखविले. त्याच्याही आधी, १८२३ साली, शेव्हरल ह्या दुसऱ्या फ्रेंच पंडिताने चरबीची घडण सांगितली होती : ग्लिसरीनला मेदाम्ले जोडली गेली म्हणजे चरबी होते. बेलाचे पान डोळ्यांपुढे आणावे. देठ ग्लिसरीनचा आणि त्यास लागलेली तीन दळे मेदाम्लांची. ट्रायग्लिसराइड म्हणून जे भयंकर नाव तपासाच्या कागदावर येते, ते ह्या त्रिदलाचेच होय. कढईतील तेल, वाटीतील तूप आणि पोटावरची वळी ही तिन्ही मुख्यतः ट्रायग्लिसराइडच आहेत.

आतड्यात ह्या त्रिदलाची दोन दळे खुडली जातात, तुकडे आतड्याच्या पेशींत शिरतात आणि आत गेल्यावर पुन्हा जोडले जातात. ह्यापुढे स्नेहाची वाट साखरेहून निराळी होते. साखर आतड्यातून निघते ती रक्तावाटे थेट यकृताच्या दारी जाते. तुपाचा बहुतेक अंश मात्र यकृतास बगल देऊन लसीकावाहिन्यांत शिरतो. १६२२ साली इटलीत गास्पारे आसेल्ली ह्याने नुकतेच खाऊ घातलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा त्यास आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. एक दोरा कापताच त्यातून दुधासारखा रस निघाला. ते नुकत्याच पचलेल्या स्नेहाचे ओघ होते. हे सर्व ओघ एकत्र होऊन छातीतून वर चढतात आणि मानेच्या डाव्या बाजूस पायथ्याशी रक्तात मिसळतात. म्हणून पक्वान्नाच्या जेवणानंतर काही तास रक्ताचा द्रव दुधाळ दिसू शकतो. ट्रायग्लिसराइडच्या तपासासाठी उपाशीपोटी रक्त देण्याची रीत पडली ती ह्याच कारणाने.

रक्तातून हा स्नेह स्नायूंस मिळतो, हृदयास मिळतो, आणि उरलेला मेदपेशींच्या कोठारात जातो. निसर्गाने कोठारासाठी मेदच का निवडला, हे त्रैराशिकाने कळते. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर जाळली तर सुमारे चार उष्मांक मिळतात. एक ग्रॅम मेदापासून सुमारे नऊ. शरीर साखरेचाही साठा करते. त्यास ग्लायकोजेन म्हणतात. तो यकृतात सुमारे शंभर ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे चारशे ग्रॅम असतो, म्हणजे सर्व मिळून दोन हजार उष्मांक. जेमतेम एका दिवसाची बेगमी. शिवाय हा साठा आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो. आता सत्तर किलो वजनाच्या मनुष्याच्या अंगात बारा किलो मेद आहे असे धरा. त्याचे उष्मांक एक लाखावर होतात. तितकेच उष्मांक ग्लायकोजेनच्या रूपाने बाळगावयाचे तर पाण्यासह शंभर किलोंहून अधिक ओझे अंगावर घेऊन हिंडावे लागले असते! दुष्काळ, आजारपण, गर्भारपण आणि तान्ह्याचे दूध ह्या साऱ्यांची तरतूद ह्या आटोपशीर कोठारात आहे. तेव्हा मेद म्हणजे शरीराचा शत्रू, ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे.

दुसरीही एक समजूत टाकावयाची आहे. कोठारातील मेद म्हणजे जमिनीत पुरून ठेवलेला हंडा, एकदा साठला की अडीअडचणीसच निघावयाचा, असे पूर्वी पंडितही मानीत. १९३५ साली रुडॉल्फ शोएनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग ह्या दोघांनी अमेरिकेत उंदरांस जड हायड्रोजनची खूण केलेला मेद खाऊ घातला. त्या वेळी उंदरांच्या अंगावरचा मेद वाढत नव्हता. म्हणून खूण केलेला मेद लगोलग जळून जाईल अशी अपेक्षा. परंतु त्याचा बराच मोठा भाग कोठारात सापडला, आणि जाळण्यासाठी जुना मेद बाहेर निघालेला होता. तात्पर्य, हे कोठार म्हणजे रोजचे चालते पेढीचे खाते होय. त्यात दररोज जमा आहे आणि दररोज खर्च आहे. वजन म्हणजे केवळ शिल्लक.

आता पहिल्या पत्राकडे वळू. जो तूप खात नाही त्याच्या रक्तात मेद कोठून येतो? हाच वाद एकोणिसाव्या शतकात युरोपात रंगला होता. गाईच्या दुधातील लोणी चाऱ्यातूनच तयार येते असे काहींचे मत. जनावराचे शरीर पिष्ट आणि साखर ह्यांपासून मेद घडवू शकते असे जर्मन रसायनज्ञ लीबिगचे मत. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट ह्यांनी डुकरांना मोजून चारा घातला आणि मग त्यांच्या अंगावरचा मेद मोजला. चाऱ्यातील मेदाहून अंगावरचा मेद कितीतरी अधिक भरला. वाद मिटला : साखरेचा मेद होतो. पुढे ही घडण पायरीपायरीने उलगडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या कॉनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन ह्यांस १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मनुष्याच्या शरीरात हे काम मुख्यतः यकृत करते. तथापि येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. सडपातळ, हिंडत्याफिरत्या मनुष्याने साधे जेवण घेतले तर साखरेपासून नवा मेद फार थोडा होतो. मग भात, पोळी आणि गोड ह्यांचा अतिरेक अंगावर कसा दिसतो? तर साखर हाताशी असेतो शरीर साखर जाळते आणि मेद तसाच राखून ठेवते. म्हणजे जमा तितकीच राहून खर्च बंद पडतो. परंतु ज्यांचे पोट सुटले आहे, ज्यांचे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, त्यांच्या यकृतात साखरेपासून मेद घडविण्याचा कारखानाही जोराने चालतो. यकृत तो मेद पुडीत बांधून रक्तात सोडते, आणि जे सोडता येत नाही ते त्याच्याच अंगात साठते. मद्याचा थेंबही न घेणाऱ्या मनुष्याच्या यकृतात चरबी दिसते, ती अशी.

म्हणून त्या भगिनींस आमचे सांगणे असे की, मामंजींच्या पानावरून तूप गेले हे खरे, पण त्याच्या जागी काय आले हे पाहावे. दिवसातून चार वेळा गोड चहा, त्याबरोबर बिस्किटे किंवा खारी, तूप नाही म्हणून भाताची एक मूद अधिक, आणि जेवल्यावर लगेच दुपारची लांब झोप, असा क्रम असेल तर ट्रायग्लिसराइड चढण्याचे नवल नाही. खारीत आणि बिस्किटांत स्नेहही भरपूर असतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. चरकसंहितेत अतिस्थूलतेच्या कारणांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप ही सांगितली आहेत. ती यादी आजही जुनी झालेली नाही. मात्र ह्यावरून तूप निर्दोष ठरले असे कोणी समजू नये. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम, तुपाचे पंचेचाळीस उष्मांक होतात, तितक्याच साखरेचे वीस. शिवाय तुपातील स्नेह घट्ट जातीचा. तो पुष्कळ खाल्ला असता रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवितो. कोलेस्टेरॉल हे इंधन नव्हे. पेशींची वेष्टने, पित्त आणि कित्येक संप्रेरके ह्यांचा तो कच्चा माल असून शरीर तो बहुतांशी स्वतःच करते. रक्तातून तो उचलून घेणारे दरवाजे पेशींवर, विशेषतः यकृतावर, असतात, हे ब्राउन आणि गोल्डस्टाइन ह्यांनी दाखविले व १९८५ चे नोबेल मिळविले. घट्ट स्नेहाच्या अतिरेकाने हे दरवाजे कमी होतात आणि कोलेस्टेरॉल रक्तात ताटकळत राहते. ह्याहूनही वाईट तो वनस्पती तुपातील कृत्रिम ट्रान्स स्नेह; भारतात जानेवारी २०२२ पासून तेलातुपातील त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आत ठेवण्याचा नियम झाला आहे. वरणभातावर चमचाभर साजूक तूप आणि फोडणीस बेताचे शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल, एवढ्याने कोणाचे घर बुडत नाही. जवसाची चटणी पानात डावीकडे वाढण्याची आपली रीत तर स्तुत्यच आहे. जी मेदाम्ले शरीर स्वतः घडवू शकत नाही, त्यांतील एक जवसात विपुल असते.

जमेचे झाले, आता खर्चाचे. मेद जळतो कसा? १९०४ साली फ्रान्झ क्नूप ह्या जर्मन शास्त्रज्ञाने एक सुंदर युक्ती योजिली. मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या मण्यांची माळ. तिच्या टोकास त्याने असे एक कडे अडकविले की जे शरीरास जाळता येत नाही, आणि अशा माळा कुत्र्यांना खाऊ घालून त्यांचे मूत्र तपासले. माळ कितीही लांब असो, मण्यांची संख्या विषम असेल तर कड्याबरोबर एका प्रकारचा अवशेष उरे, आणि सम असेल तर दुसऱ्या प्रकारचा, तिसरा नाही. ह्याचा अर्थ एकच, की शरीर ही माळ दोन दोन मण्यांनी तोडते. तुपात जे सोळा मण्यांचे मेदाम्ल असते, त्याचे सात छेदांत आठ तुकडे होतात. हे काम पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म अग्निशाळांत चालते, आणि त्यास प्राणवायू हवाच. म्हणून दमछाक करणाऱ्या धावण्यात स्नायू साखरेकडे अधिक धाव घेतात, आणि तास-दीड तासाच्या संथ चालण्यात मेदाचा वाटा मोठा असतो.

जळालेला मेद शेवटी जातो कोठे? कोणी म्हणेल घामावाटे, कोणी म्हणेल त्याची उष्णता होते. आमच्यासारख्या जुन्या शाळामास्तरास ह्याचे उत्तर फार आवडले. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील मीरमन आणि ब्राउन ह्यांनी हिशेब मांडून दाखविला की, दहा किलो मेद पूर्ण जळाला तर त्यातील ८.४ किलो कर्बाम्ल वायू होऊन, ज्यास आजचे विद्यार्थी कार्बन डायऑक्साइड म्हणतात, श्वासावाटे बाहेर जातो, आणि उरलेल्या १.६ किलोंचे पाणी होते. पोटावर पट्टे बांधून, घाम काढून, किंवा रेचके घेऊन मेद जात नाही, हे ह्या एका हिशेबाने कळावे. घाम गेला तर पाणी गेले. ते पेलाभर पाण्याने परत येते.

आता प्रश्न पहाऱ्याचा. जमा केव्हा करावयाची आणि खर्च केव्हा, हे ठरवितो कोण? ह्या पेढीचा मुख्य कारभारी इन्शुलिन होय. १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी ते वेगळे काढले, आणि दुसऱ्याच वर्षाच्या आरंभी मरणपंथास लागलेल्या एका मुलास देऊन त्यास वाचविण्यात आले. इन्शुलिन म्हणजे साखर उतरविणारे औषध, एवढेच बहुतेकांस ठाऊक असते. परंतु जेवणानंतर स्वादुपिंडातून ते सुटते, तेव्हा ते तीन आज्ञा देते : साखर पेशींत घ्या, मेद कोठारात घाला, आणि कोठाराचे दार लावा. जेवणास बरेच तास लोटले की इन्शुलिन उतरते, दार किलकिले होते आणि मेदाम्ले रक्तात येऊ लागतात. धावपळीत, भीतीत किंवा थंडीत ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक तेच दार अधिक उघडते.

दुसरा पहारा खुद्द अग्निशाळेच्या दाराशी आहे. मेदाम्लाची माळ आत न्यावयास कार्निटीन नावाचा वाहक लागतो. यकृत जेव्हा साखरेपासून नवा मेद रचू लागते, तेव्हा त्या रचनेची जी पहिली वीट, तीच ह्या वाहकाच्या वाटेत अडसर म्हणून बसते, असे मॅक्गॅरी आणि फॉस्टर ह्यांनी १९७७ साली अमेरिकेत दाखविले. म्हणजे एका हाताने मेद रचावा आणि दुसऱ्या हाताने तोच जाळावा, असा मूर्ख कारभार शरीरात होत नाही. तिसरा पहारा दूरचा आहे : मेदपेशी स्वतः लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडून मेंदूस शिल्लक कळवीत असतात. त्याचा शोध १९९४ साली लागला. शिल्लक फार घटली की भूक चढते आणि शरीर काटकसर करू लागते. झपाट्याने उतरविलेले वजन झपाट्याने का परत येते, ह्याचे हे एक कारण.

आता आपण दुसऱ्या पत्राशी आलो. नातवाचे म्हणणे अर्धे खरे आहे. रात्रीचे जेवण आणि सकाळचा पहिला घास ह्यांत बारा तासांचे अंतर पडले तरी मेदाचा खर्च वाढलेला असतो, आणि एका दिवसाच्या उपासाने यकृतातील साखरेचा साठा बहुतेक संपतो. पण अर्धे राहिले ते असे की, साखरेचा मेद होतो, परंतु मेदाची साखर जवळजवळ होत नाही. हा रस्ता एकेरी आहे. त्रिदलाचा देठ तेवढा साखरेच्या उपयोगी पडतो. दळांचे ते दोन दोन मणी कधीच नाहीत. इकडे मेंदूस दररोज सुमारे एकशेवीस ग्रॅम ग्लुकोज हवे, आणि तांबड्या रक्तपेशींस तर ग्लुकोजवाचून दुसरे काहीच चालत नाही. तेव्हा उपास लांबला की शरीर स्नायू मोडून त्याची साखर करू लागते. ही झीज थोपविण्यासाठी यकृत मेदापासून कीटोन नावाची द्रव्ये करते. बोस्टन येथे कॅहिल, ओवेन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६७ साली दाखविले की, कित्येक आठवडे अन्न न घेतलेल्या मनुष्याचा मेंदू आपली निम्म्याहून अधिक गरज ह्या कीटोनांवर भागवितो. योजना अद्भुत आहे. तरी झीज पूर्ण थांबत नाही. ज्या वृद्धेच्या दंडापिंढऱ्यांत मांस आधीच थोडे उरले आहे, तिने आठवड्यास दोन दोन कडक उपवास करणे म्हणजे मेदाबरोबर मांसही देऊन टाकणे होय. आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ह्या म्हणीप्रमाणे साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन केलेल्या उपवासात तर मेद जळण्याची गोष्टच नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट.

परंतु मुख्य धोका ह्याहून मोठा आहे, आणि तो त्या सुईत आहे. निरोगी मनुष्य उपवास करतो, तेव्हा त्याच्या रक्तात थोडे इन्शुलिन नेहमी असते. दार किलकिले होते, सताड उघडत नाही. ज्याच्या शरीरात स्वतःचे इन्शुलिन नाही किंवा अत्यल्प आहे, त्याने सुई बंद केली की कारभारीच पेढीतून निघून जातो. कोठाराचे दार सताड उघडते, मेदाम्लांचा लोंढा यकृतावर येतो, आणि कीटोन इतके होतात की रक्तच आंबट होऊ लागते. पोटात अन्न नाही म्हणून हे टळत नाही. उलट उपवासाने त्यास जोरच येतो. फार तहान, वारंवार लघवी, मळमळ, वांत्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासास पिकलेल्या फळासारखा वास, ही त्याची लक्षणे. ह्यास पित्त किंवा उपवासाचा त्रास समजून घरगुती उपचार करीत बसू नये. त्याच घटकेस रुग्णालयात न्यावे. ज्या मुलांस लहानपणीच मधुमेह जडतो, त्यांच्या बाबतीत ही चूक काही तासांत जिवावर बेतते. वृद्धपणीच्या मधुमेहात स्वतःचे इन्शुलिन थोडे शिल्लक असल्यामुळे असा प्रसंग त्या मानाने विरळा. पण येत नाही असे मुळीच नाही.

मग नेहमीची सुई तेवढीच घेऊन उपाशी राहावे काय? तेही नाही. तसे केल्यास साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, मनुष्य बेशुद्धही पडतो. मधुमेहाच्या कित्येक गोळ्यांनीही असेच होते. अशा वेळी रोगी शुद्धीवर असेल तर व्रतभंगाचा विचार न करता साखरेचे किंवा गुळाचे पाणी तत्काळ द्यावे. शुद्ध नसेल तर मात्र तोंडात काही घालू नये. वैद्यकीय मदत आणावी. म्हणून त्या गृहस्थांस स्पष्ट सांगणे असे : मातोश्रींची सुई आपल्या मताने बंद करू नये आणि उपवासही आपल्या मताने करू नये. कोणत्या दिवशी किती मात्रा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. आणि त्यांनी उपवासच नको म्हटले तर तो निकाल मानावा. बाल, वृद्ध आणि आतुर ह्यांस व्रतनियमांत सूट देण्याची धर्मशास्त्राची परंपराच आहे. हे मातोश्रींस मुलाने सांगून पटणार नाही असे वाटत असेल, तर घरच्या उपाध्यायांकडून सांगवावे; पण सांगावे खास.

जाता जाता एक गोष्ट आपल्या प्रांतासंबंधी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या अपत्यांचा अभ्यास आरंभिला. त्यांच्या पाहणीत येथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. वजनात इतकी तफावत. परंतु आमच्या बालकांत मांस कमी होते, त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडातील डॉ. युडकिन ह्या दोन मित्रांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखे. अंगातील मेद मात्र युडकिनांचा शेकडा ९.१ आणि याज्ञिकांचा शेकडा २१.२! अर्थात काट्यावर जो सडपातळ दिसतो, तो आतून सडपातळ असतोच असे नाही. आमच्या लोकांत मधुमेह तुलनेने लहान वयात आणि थोड्या वजनावर येतो, ह्याचे एक मूळ येथे आहे असे विद्वान मानतात. म्हणून घरात वजनकाट्याबरोबर शिंप्याची फीतही असावी. कमरेचा घेर पुरुषांत नव्वद सेंटिमीटरांवर आणि स्त्रियांत ऐंशी सेंटिमीटरांवर गेला की सावध व्हावे, वजन काहीही असो. आणि घरात सून गर्भवती असेल तर तिने सर्वांमागून उरलेसुरले खाण्याची चाल मोडावी. तिच्या पानावर दूध, डाळ आणि भाजी पुरेशी पडली पाहिजे. ती जे खाते, त्यावर पुढच्या पिढीचे मांस अवलंबून आहे.

आग्रह हे आपल्या पंक्तीचे भूषण मानले जाते, आणि वाढणाऱ्याच्या मनात त्या वेळी स्नेहच असतो. परंतु ज्याच्या यकृतात मेद साठला आहे, त्याच्या पानावर तिसरी पुरणपोळी टाकणे, किंवा मधुमेही पाहुण्यास “एका दिवसाने काय होते?” म्हणून भरीस घालणे, हे यजमानाने सोडून द्यावे. त्याऐवजी जेवण आटोपल्यावर त्यास बरोबर घेऊन चांगला अर्धा तास फिरून यावे. स्नायू चालू लागले की ते रक्तातील साखर आणि मेद दोन्ही ओढून घेतात, आणि गप्पाही होतात.

यकृताचा उल्लेख ह्या लेखात वारंवार आला. पुढील अंकी त्याच्याच कारभाराचा विचार करू.